बाराव्या पायरीआधी

वीस बाजूंचा फासा टेबलावरून उडाला, खुर्चीच्या पायाला आपटला आणि कपाटाखाली गेला. आत्या लगेच गुडघ्यांवर बसली आणि गाल फरशीला टेकवून आत डोकावली.

"खाली पडलेला धरायचा की परत टाकायचा?"

"धरायचा," टेबलावरच्या फोनमधून मुलाचा आवाज आला. "बाबांचा नियम आहे."

"मग सतरा!" आत्या कपाटाखालूनच ओरडली. ती पोहायला शिकवायची. पाण्यातल्या माणसाशी बोलायची सवय तिला कोरड्या जमिनीवरही सुटत नसे.

"सतरा म्हणजे लागला," खेळ चालवणारी म्हणाली. "भाला पहारेकऱ्याच्या खांद्यात घुसला. तो ढालीसकट नदीत पडला. पूल मोकळा."

समोर बसलेल्या चष्मेवाल्यानं, घरच्या जुन्या मित्रानं, टेबलावर थाप मारली. आत्या गुडघे झटकत उठली. फोनमधून लांबवरच्या यंत्राची घरघर तेवढी ऐकू आली. मुलगा दूरच्या एका पुलाच्या बांधकामावर नोकरीला होता आणि रविवारीही तिथल्याच पत्र्याच्या खोलीत बसून खेळायचा.

खेळ चालवणाऱ्या त्याच्या आईनं पुठ्ठ्याच्या आडोशामागचा कागद पुढे ओढला. आडोसा तिच्या नवऱ्यानं बनवलेला होता. खेळही त्यानंच मांडला होता, सहा वर्षांपूर्वी; तो गेल्यापासून ती चालवत होती. ह्या खेळाला पट नसतो. एकानं गोष्ट सांगायची; बाकीच्यांनी आपापलं पात्र काय करतं ते सांगायचं; जमलं की फसलं ते फाशानं ठरवायचं. शत्रू पडला, कुलूप उघडलं, नदी ओलांडली की गुण मिळतात. गुण साठले की पात्र एक पायरी चढतं, जास्त बळकट होतं. नवऱ्यानं सुरुवातीलाच सांगून ठेवलं होतं, की डोंगरावरच्या किल्ल्याचं दार बाराव्या पायरीच्या माणसालाच दिसेल. तिथे गोष्ट संपेल.

आता सगळे अकराव्या पायरीवर होते. बारावी दहा हजार गुणांवर होती. पहारेकऱ्याचे तीनशे, खेळणारे तिघं. तिनं पेन्सिल उचलली आणि तिघांच्याही रकान्यात चाळीस लिहिले.

"प्रत्येकी चाळीस," ती म्हणाली.

"चाळीस?" मुलानं विचारलं.

"चाळीस."

"पहारेकऱ्याचे तीनशे असतात. शंभर-शंभर यायला हवेत."

"त्याचा एक हात आधीच जायबंदी होता. अर्धमेल्याचे पुरे गुण कसे द्यायचे?"

"मागच्या रविवारी लांडगे म्हातारे होते," मुलगा म्हणाला. "त्याच्या आधी डाकू झोपेत होते."

आत्याला हसू फुटलं. चष्मेवाला हसला नाही. त्यानं चहाचा कप बशीत ठेवला आणि आडोशाकडे पाहिलं.

"मीपण लिहून ठेवतो," मुलगा पुढे म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. "बाबा होते तेव्हापासून. माझ्याकडे अकरा हजार तीनशे चाळीस होतात. तुझ्याकडे किती आहेत?"

तिनं कागदाकडे पाहिलं. आकडा तिला पाठ होता, तरी पाहिलं.

"नऊ हजार एकशे साठ."

"म्हणजे चार महिन्यांपूर्वीच आपण वर पोचायला हवं होतं."

आत्यानं फासा मुठीत घट्ट धरला.

"तू पुन्हा आकडे खोटे सांगतेस," मुलगा म्हणाला.

आणि फोन बंद झाला.

*

दीड वर्षापूर्वी, नवरा इस्पितळात असताना, ती मुलाला रोज आकडे सांगायची. ती इस्पितळाच्या प्रयोगशाळेत रक्त तपासायची. यंत्र पेशी मोजत असे, पण आकडा फार खाली गेला की काचेवर थेंब पसरून, सूक्ष्मदर्शकाखाली डोळ्यांनी मोजावं लागे. नवऱ्याची काच दुसऱ्या कुणाकडे द्यायला हवी होती. तिनं दिली नाही. बावीस वर्षं अनोळखी माणसांच्या पेशी मोजल्या, आपल्या माणसाच्या दुसऱ्याला मोजू द्यायच्या हे तिला सहन होईना. ती एका हातानं मोजणीचं बटण दाबायची, दुसऱ्या हातानं काच सरकवायची, आणि दुपारी मुलाचा फोन आला की म्हणायची, "बरे आहेत आकडे. तू अभ्यास कर."

त्याची शेवटच्या वर्षाची परीक्षा चालू होती. शेवटचा पेपर शनिवारी होता. नवरा गुरुवारी गेला.

मुलगा पोचला तेव्हा खाटेवरची चादर बदललेली होती. तो सगळ्यांसमोर एकच वाक्य बोलला, "मला का नाही सांगितलं?" आणि तिनं सगळ्यांसमोर एकच उत्तर दिलं, "त्यांनीच सांगितलं होतं. परीक्षा होऊ दे, मग सांगू, म्हणाले." आत्या रडत रडत म्हणाली होती, "दादा तसाच होता रे."

त्यानंतर तो घरी आला नाही. पण खेळ पुरा करीन असं त्यानं बापाला कबूल केलं होतं, म्हणून दर रविवारी चार वाजता आत्याच्या फोनवर यायचा. तिला हाक मारत नसे. "कुलपाला कान लावतो," "दोर सोडतो," "मागे वळून बघतो," असं म्हणायचा. ह्यातलं प्रत्येक वाक्य तो तिच्याशीच बोलत असे. दोन तास. मग सहा वाजायचे.

गोष्ट संपली की ते दोन तासही संपणार होते. म्हणून तिनं हातचं राखून गुण द्यायला सुरुवात केली. आधी दहा कमी, मग तीस. मग लांडगे म्हातारे झाले.

*

त्या आठवड्यात तिनं मुलाला सात वेळा फोन केला. त्यानं उचलला नाही. आत्याचाही उचलला नाही. बुधवारी ती एकाच काचेपाशी पाऊण तास बसली. शंभरपर्यंत मोजायचं, लिहायचं. पण सत्तरच्या पुढे गेलं की मागचे कुठले मोजले आणि कुठले राहिले ते कळेनासं व्हायचं. ती पुन्हा एकपासून सुरू करायची. तिसऱ्यांदा तसं झालं तेव्हा शेजारच्या टेबलावरची सहकारीण उठून आली आणि काहीही न बोलता काच घेऊन गेली.

ती हात धुवायच्या नळाशी जाऊन उभी राहिली. नळ सुरू केला. साबण लावला नाही. पाणी नुसतं वाहत राहिलं.

मग ती रजेचा अर्ज न देता बाहेर पडली आणि तडक चष्म्याच्या दुकानात गेली.

चष्मेवाला तिच्या नवऱ्याचा शाळेपासूनचा मित्र. तो एका काचेची कड घासत होता. तिला पाहून त्यानं चाक थांबवलं. दुकानात बसायला एकच जागा होती, डोळे तपासायची उंच खुर्ची. ती तिच्यावर बसली. समोरच्या भिंतीवर अक्षरांचा तक्ता होता, वर मोठी, खाली बारीक.

"भावजी, तुम्ही त्याला सांगा," ती म्हणाली. "माझी चूक झाली म्हणून सांगा. सगळे गुण परत लिहिते. हवे तर दुप्पट देते."

"दुप्पट दिल्यावर तो परत येईल असं वाटतं तुम्हाला?"

"मग काय करू? तुम्हीच सांगा ना! मला दुसरं काय येतं?"

तिचा आवाज फाटला. दाराशी आलेलं एक गिऱ्हाईक आत बघून परत फिरलं. चष्मेवाल्यानं काच पुसली, उजेडाकडे धरली, पुन्हा पुसली.

"तुमच्या नवऱ्याचं आणि माझं ह्याच्यावरून कायम वाजायचं," तो म्हणाला. "मी म्हणायचो, गुणबिण सोड. गोष्टीत काही घडलं, माणसं त्यातून पार पडली, की चढव सगळ्यांना एकदम. तर तो म्हणायचा, मोजल्याशिवाय कळणार कसं कोण किती मोठा झाला? मी म्हटलं, तुझ्या हिशेबानं शंभर उंदीर मारले की माणूस सेनापती होणार. तर म्हणे, हजार. शंभरात नुसता हवालदार."

ती हसली नाही. पण खुर्चीच्या दांड्यावरची तिची बोटं जरा सैल झाली.

"त्यांचं बरोबर होतं," ती म्हणाली. "मोजलं की निदान हातात काहीतरी असतं."

"काय होतं हातात?"

ती समोरच्या तक्त्याकडे बघत राहिली. सगळ्यात खालची ओळ तिला दिसत नव्हती. वाचता येत असल्यासारखी ती बघत राहिली.

चष्मेवाल्यानं तिच्यासमोरच फोन लावला. मुलानं त्याचा उचलला. तो गल्ल्यामागे वळून हलक्या आवाजात बोलला. बराच वेळ "हं", "हं" एवढंच. मग फोन ठेवला.

"एक रविवार येतो म्हणाला. शेवटचा. गुण नाहीत, कागद नाही. किल्ल्यापर्यंत न्यायचं आणि संपवायचं."

"आणि मग?"

"वहिनी, पुढचं मी विचारलं नाही."

*

किल्ल्यात काय आहे हे नवऱ्यानं कुठेही लिहून ठेवलेलं नव्हतं. तिनं त्याच्या सगळ्या वह्या पुन्हा पालथ्या घातल्या. डोंगराचा नकाशा होता, पहारेकऱ्यांची नावं होती, दाराचं चित्रही होतं. दाराच्या आत पान कोरं होतं.

शुक्रवारी आणि शनिवारी तिनं चार शेवट लिहिले. एकात खजिना होता. एकात म्हातारा राजा होता आणि तो सगळ्यांना आशीर्वाद देत होता. ते पान तिनं स्वतःच फाडलं. एकात आणखी एक दार होतं, आणि त्याच्यामागे आणखी एक किल्ला. तेही तिनं फाडलं, पण जरा उशिरा. चौथ्यात मोठी खोली होती आणि त्यात ह्या प्रवासात मेलेले सगळे सोबती जेवायला बसलेले होते. हा शेवट तिला नवऱ्यासारखा वाटला. त्यानं असंच काहीतरी लिहिलं असतं. तिनं तो चांगल्या अक्षरात उतरवून काढला.

रविवारी चार वाजता आत्यानं फोन साखरेच्या डब्याला टेकवून उभा केला. मुलगा आला. "हं," एवढंच म्हणाला.

तिनं गुणांचा कागद आणला नव्हता. मोकळ्या टेबलावर दोन्ही हात ठेवून ती म्हणाली, "तुम्ही पूल ओलांडला. सहा वर्षं ज्याच्या मागे होतात तो रस्ता समोर आहे. तुम्ही तिघंही बाराव्या पायरीवर आहात."

"बस? एवढंच?" आत्या म्हणाली. "वाजंत्री नाही, काही नाही?"

"एवढंच असतं," चष्मेवाला म्हणाला.

ते वर चढले. वाटेत दरड कोसळली. आत्याच्या ढालकरणीनं चष्मेवाल्याच्या म्हाताऱ्या मांत्रिकाला काखेत धरून पलीकडे नेलं. मांत्रिकाला दूरचं दिसत नसे, त्यामुळे तो वाटेतल्या एका झाडाला शत्रू समजून जाळून बसला. आत्या हसून हसून खोकायला लागली. फोनमधूनही एकदा नाकानं सोडलेल्या श्वासासारखा आवाज आला. तिनं तो ऐकला आणि तिला पुढचं वाक्य सुचेना. तिला वाटलं, आणखी एक दरड आणावी. एक दरी आणावी. अजून पाचच वाजले होते.

"दार दिसतंय का?" मुलानं विचारलं.

"दिसतंय," ती म्हणाली.

"कुलपाला कान लावतो."

"टाक."

त्यानं त्याच्याकडचा फासा टाकला. पत्र्याच्या टेबलावर तो टणटणला.

"एकोणीस."

"उघडलं."

"आत काय आहे?"

तिनं चांगल्या अक्षरातला कागद उचलला. टेबलावर सपाट करून ती वाचायला लागली. "आत एक लांबलचक खोली आहे. पानं मांडलेली आहेत. पहिल्या पानावर तो नावाडी बसलाय, जो तुम्हाला वाचवताना..."

"हे बाबांनी लिहिलंय?"

ती थांबली. त्यानं हे विचारताना आवाज बदलला होता. दीड वर्षात फोनमधून असा आवाज आला नव्हता. आत्यानं तिच्याकडे पाहिलं आणि मान किंचित हलवली, हो म्हण, म्हण हो. तिच्या तोंडात 'हो' आलेलंच होतं. नुसतं सोडायचं होतं. मग तो खोलीत गेला असता, नावाड्याशेजारी बसला असता, कदाचित रडला असता, आणि सहा वाजले असते.

"नाही," ती म्हणाली. "मी लिहिलंय. त्यांनी काही लिहून ठेवलं नव्हतं."

"बरं."

"आणि ते दुसरंही," ती म्हणाली. हात टेबलाच्या कडेला गेले आणि तिनं कड धरली. "परीक्षा होऊ दे म्हणाले, ते. तेही त्यांचं नव्हतं. ते मी रचलं."

आत्याच्या हातातला फासा टेबलावर पडला. किती पडले ते कुणी बघितलं नाही.

"ते म्हणाले होते, त्याला बोलाव. रविवारी म्हणाले, सोमवारी म्हणाले. मी म्हटलं, बोलावलंय, निघालाय." ती भराभर बोलत होती, मधे कुणी थांबवील म्हणून. "आकडा दोनदा असाच खाली जाऊन वर आला होता. मला वाटलं तिसऱ्यांदाही येईल. तुला बोलावलं असतं तर... मला बोलवायचंच नव्हतं. बोलावलं की ते जाणार हे ठरल्यासारखं झालं असतं. म्हणून मी तुलाही खोटं सांगितलं आणि त्यांनाही."

आत्या उठली. खुर्ची मागे सरकली. ती खिडकीशी गेली आणि पाठ फिरवून उभी राहिली. तिचे पोहणाऱ्या बाईचे रुंद खांदे वर आले आणि तसेच राहिले.

"वहिनी," ती खिडकीकडे बघूनच म्हणाली, "दीड वर्ष मी त्या वाक्यावर काढलंय."

"हो."

"त्याला मी समजावत होते. तुझ्या बापाचीच इच्छा होती, म्हणत होते."

"हो."

चष्मेवाल्यानं चष्मा काढला होता. तो पुसत नव्हता, नुसता हातात धरून बसला होता.

फोनमध्ये यंत्राची घरघर बंद झाली. दार लावल्याचा आवाज आला. ती फोनच्या काचेकडे बघत होती. काचेवर सेकंद सरकत होते, म्हणजे तो अजून होता. तो आता बंद करील. आता. तिनं डोळे मिटले नाहीत.

"काका," मुलगा म्हणाला.

"बोल."

"तुम्ही आणि आत्या जरा बाहेर बसाल?"

चष्मेवाला उठला. आत्या खिडकीशीच उभी होती. त्यानं तिच्या कोपराला हात लावला तसा तिनं तो झटकला. मग स्वतःच चालत बाहेर गेली, वहिनीकडे न बघता. चष्मेवाल्यानं दार ओढून घेतलं.

खोलीत ती, साखरेचा डबा आणि फोन. टेबलावर अर्धा प्यालेला चहा.

"सांग," मुलगा म्हणाला. "पहिल्यापासून."

ती सावरून बसली. सवयीनं बोटं पेन्सिल शोधायला लागली.

"सोमवारी बावीस हजार होते," ती म्हणाली. "मंगळवारी सकाळी चौदा. मी दोनदा मोजले. संध्याकाळी..."

"आकडे नकोत."

तिची बोटं टेबलावर थांबली.

"काय काय झालं ते सांग," तो म्हणाला.

बाहेरच्या खोलीत आत्याचं नाक ओढणं ऐकू येत होतं. पलीकडे तो श्वास घेत होता, आणि थांबून होता.

"बुधवारी सकाळी त्यांनी दाढी करून मागितली," ती म्हणाली. "हात उचलत नव्हता, म्हणून मी करत होते. नर्सनं विचारलं, आज कोणी येणारंय वाटतं?"